पतमर्यादा आणि पूर्वसूचनेचा धर्म

गोव्यात चतुर्थीचा बाजार भाद्रपदात भरतो. पण आम्हां कापडव्यापाऱ्यांची चतुर्थी श्रावणातच सुरू होते. माटोळीचे सामान डिचोलीच्या बाजारात येऊन पडण्यापूर्वी महिनाभर आधी आम्हांस घाट चढावा लागतो. गेल्या श्रावणात नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे आम्ही चोर्ल्याच्या घाटाने बेळगाव आणि तेथून कोल्हापूरजवळचे गांधीनगर गाठले. ज्या पेढीवर आमची अनेक वर्षांची ये-जा आहे तेथे माल निवडला, भाव ठरला, गठ्ठे बांधून झाले. बिल झाले १,१०,००० रुपयांचे. आमच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा ३,००,००० रुपयांची. तीपैकी ७५,००० रुपये आधीच खर्ची पडलेले. हिशेब सरळ होता. कार्ड पुढे केले, यंत्राने ते नाकारले. पुन्हा घातले, पुन्हा नाकारले. पेढीवर इतर गावचे चार-पाच गिऱ्हाईक बसले होते. त्यांनी शिष्टाचार म्हणून दुसरीकडे पाहिले, आणि त्यांचे ते दुसरीकडे पाहणेच आम्हांस अधिक बोचले.

बँकेच्या दूरध्वनीवर अर्धा तास खर्चून कळले ते असे की, आमची मर्यादा ३,००,००० वरून ८०,००० करण्यात आली आहे. केव्हा? दोन दिवसांपूर्वी. का? ‘अंतर्गत धोरणानुसार.’ आम्हांस कळविले का नाही, ह्यावर उत्तर मिळाले की संदेश येईल. तो खरोखरच आला. आम्ही डिचोलीस परतून, माल फडताळात लावून झाल्यावर, चौथ्या दिवशी. ‘प्रिय ग्राहक’ अशी त्याची सुरुवात होती.

गांधीनगरच्या शेठजींनी आमची तारांबळ पाहून गठ्ठे गाडीत टाकावयास सांगितले आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. ती रक्कम आम्ही अकराव्या दिवशी पोचती केली. परंतु ह्या लेखाचा विषय त्यांचे औदार्य हा नव्हे. ह्याच शेठजींनी त्याच्या आदल्या दिवाळीत आमची उधारीची मुदत साठ दिवसांवरून तीस दिवसांवर आणली होती. म्हणजे पत त्यांनीही घटविली होती. फरक एवढाच की पाडव्याला नव्या वह्या सुरू होण्यापूर्वी महिनाभर आधी त्यांचे पत्र आले होते, त्यात कारण लिहिले होते (सुताचे भाव आणि त्यांच्या स्वतःच्या बँकेचा तगादा), आणि आम्ही त्याप्रमाणे आमची खरेदी बेतली होती. त्या पत्राने आम्हांस राग आला नाही. बँकेच्या संदेशाने आला. दोन्ही ठिकाणी पत कमीच झाली असता एका ठिकाणी मान राहिला आणि दुसऱ्या ठिकाणी गेला, हे कशामुळे, ह्याचा विचार आम्ही त्या दिवसापासून करीत आहोत, आणि आमच्या व्यापारी बंधूंपुढे तो मांडावा असे वाटल्यावरून ह्या स्मरणिकेतील जागा अडवीत आहोत.

प्रथम बँकेची बाजू, कारण तिला बाजूच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कार्डावरची मर्यादा हे बँकेने दिलेले दान नव्हे, तसेच ते आपल्या मालकीचे भांडवलही नव्हे. बँकेने आपल्याविषयी बांधलेला तो एक अंदाज आहे, आणि अंदाज बदलण्याचा अधिकार अंदाज बांधणाराकडे असणारच. कार्ड घेताना बारीक अक्षरांच्या ज्या कागदावर आपण सही ठोकतो त्यात हा अधिकार बँकेने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. पुन्हा, कार्डाच्या कर्जास तारण नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा येण्यावर व्यापारी बँकांनी धरावयाचा जोखीमभार १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केला. ह्याचा व्यवहारातला अर्थ असा की, कार्डावर तेवढीच रक्कम देण्यासाठी बँकेस स्वतःचे अधिक भांडवल बाजूला ठेवावे लागते. साहजिकच बँका हात आखडू लागल्या. २०२० च्या टाळेबंदीतही पुष्कळ बँकांनी कार्डांच्या मर्यादा छाटल्या होत्या, हे बहुतेकांस आठवत असेल. ज्याचे हप्ते थकले, ज्याच्या पतअहवालात काही काळे आले, ज्याने व्यक्तिगत कार्डावर दुकानाचा घाऊक माल भरावयास सुरुवात केली, किंवा ज्याने कार्ड मुळीच वापरले नाही, अशांची मर्यादा कमी होण्याचा संभव अधिक. ह्यांपैकी तिसऱ्या प्रकारात आमच्यापैकी किती जण मोडतात हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही तर मोडतोच.

हे सर्व मान्य करूनही प्रश्न उरतोच, आणि तो कपातीचा नसून मौनाचा आहे.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांविषयी जे निर्देश काढले आणि जे त्याच वर्षी जुलैपासून लागू झाले, त्यांत मर्यादेविषयी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मर्यादा वाढवावयाची तर कार्डधारकाची स्पष्ट संमती घेतली पाहिजे. आणि मर्यादा कमी केली तर ते कार्डधारकास कळविले पाहिजे. शब्द नीट पाहावे. वाढविण्यास संमती, घटविण्यास केवळ कळविणे. आणि कळवावयाचे ते आधी, असे तेथे म्हटलेले नव्हते. चौथ्या दिवशी आलेला आमचा ‘प्रिय ग्राहक’ हा संदेशसुद्धा कळविण्यातच जमा होतो. कर्जांच्या बाबतीत २००३ साली रिझर्व्ह बँकेने जी न्याय्य व्यवहारसंहिता घालून दिली तीत अटी बदलताना ऋणकोस सूचना द्यावी असे तत्त्व होते, आणि व्याज व आकार ह्यांतील बदल मागील तारखेपासून लावू नयेत असेही होते. व्याजात पाव टक्क्याचा फरक झाला तर सूचना हवी आणि मर्यादा चौथ्या हिश्शावर आणली तर नंतर सांगितले तरी चालते, हा भेद आमच्या व्यापारी बुद्धीस उमगत नाही. व्याज पाव टक्क्याने वाढल्यास नफा कमी होतो. मर्यादा एका रात्रीत तुटल्यास सौदा मोडतो.

ह्याचे आणखी एक अंग आहे, ते सहसा लक्षात येत नाही म्हणून सांगतो. पतअहवाल तयार करणाऱ्या ज्या संस्था आहेत त्या अनेक गोष्टींबरोबर मर्यादेच्या किती भाग आपण वापरीत आहोत हेही पाहतात. ३,००,००० च्या मर्यादेत आमचे ७५,००० देणे होते. म्हणजे चौथा हिस्सा. त्यात कोणास वावगे दिसण्याचे कारण नव्हते. मर्यादा ८०,००० झाली त्या क्षणी तेच ७५,००० रुपये जवळजवळ चौऱ्याण्णव टक्के झाले. आम्ही एक पैसा अधिक खर्च केला नव्हता, एक दिवस उशीर केला नव्हता. पण अहवालाच्या दृष्टीने आम्ही गळ्यापर्यंत कर्जात बुडालेले ठरलो. मग तो अहवाल पाहून दुसरी बँक सावध होते आणि तीही आपली मर्यादा आवळते. शिवाय विम्याचे हप्ते, वीजबिल, दूरध्वनी असली जी देणी कार्डावर आपोआप लावून ठेवलेली असतात ती एकेक करून परत येऊ लागतात, आणि परत आलेल्या प्रत्येक देण्यामागे दंड निराळा.

पेडण्याच्या आमच्या बंधूंची अडचण थोडी वेगळी आहे. मोरजी, मांद्रे, हरमल ह्या किनाऱ्यावरील गावांचा व्यापार हंगामी. पाऊस लागला की चार महिने दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या; कार्डही निजलेले. पेडण्याची पुनव आली की मंडळी हंगामाच्या खरेदीस निघतात, आणि नेमके तेव्हाच कळते की ‘अल्प वापर’ ह्या कारणास्तव मर्यादा मध्यंतरी उतरविली गेली. मुंबईच्या कचेरीतील गणकयंत्रास आषाढ म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु जुन्या सावकारास ते ठाऊक असे. मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांस खुला झाल्यावर ह्याच तालुक्यात न मागता कार्डे आणि वाढीव मर्यादा घेऊन येणारे तरुण दारोदार फिरताना आम्ही पाहिले आहेत. देताना बँक दारापर्यंत येते. कमी करताना ती सांगावयासही येत नाही, ही तक्रार आहे.

गोव्याला हा अनुभव अगदीच नवा आहे असेही नाही. वडीलधाऱ्यांस बांको नासिओनाल उल्त्रामारिनूची गोष्ट ठाऊक आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्यापूर्वीच त्या बँकेत लोकांनी तारण म्हणून ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला रवाना झाले होते. ते भारतात परत आले १९९१ साली. मंगळसूत्र ठेवणारी सासू गेली आणि सोडविण्याचा प्रश्न सुनेपुढे आला, अशा कथा जुन्या घरांतून अजून ऐकावयास मिळतात. तो राजकीय उलथापालथीचा प्रसंग होता, त्याची तुलना आमच्या कार्डाशी करणे हास्यास्पद होईल. आम्ही ती करीत नाही. एवढेच म्हणतो की, न सांगता हललेल्या व्यवहाराची आठवण माणसे तीस वर्षे विसरत नाहीत.

आता जुन्या पद्धतीकडे वळतो, आणि ते आठवणीत रमण्यासाठी नव्हे. डिचोली तालुक्यात कुडणे येथे गुजीर नावाच्या जागी जैन मंदिराचे अवशेष आहेत. गुजीर हे नाव व्यापारासाठी आलेल्या गुर्जरांची आठवण देते, असे मानले जाते. नदीच्या काठाने चाललेला तो व्यापार कोणत्या कागदावर होत होता हे आम्हांस सांगता येणार नाही. पण पुढे देशभर ज्या कागदावर व्यापार चालला त्या हुंडीचे नियम आपल्या जुन्या पेढ्यांस पाठ होते. दर्शनी हुंडी निराळी, मुदती निराळी. हुंडी हरवली तर पैठ, पैठही हरवली तर परपैठ. आणि ह्या सर्वांत आम्हांस आज विशेष वाटते ती जिकरी चिठ्ठी. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने कदाचित ती नाकारलीच, तर धारकाची परगावी फजिती होऊ नये म्हणून त्याच गावातील दुसऱ्या एखाद्या प्रतिष्ठित पेढीच्या नावे दिलेले ते पत्र: हुंडी नाकारली गेल्यास आमच्या नावे आपण सकारावी. म्हणजे पत मध्येच तुटू शकते हे त्या व्यापाऱ्यांस पक्के ठाऊक होते. ते काही सत्ययुगातले पुरुष नव्हते. परंतु पत तुटली तरी कागद घेऊन परमुलखात उभ्या असलेल्या माणसाचे काय, हा विचार त्यांनी आधी करून ठेवला होता. आमच्या कार्डास जिकरी चिठ्ठी नाही. गांधीनगरात ती शेठजींनी आपण होऊन लिहिली, असे म्हणता येईल.

आपल्या शास्त्रकारांनी हा विषय कोठे घातला आहे ते पाहण्यासारखे आहे. उमास्वातींनी अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार गणले आहेत त्यांत एक हीनाधिकमानोन्मान हा आहे: देण्याचे माप एक आणि घेण्याचे माप दुसरे. आपण त्याचा अर्थ तागडी, गज आणि शेर ह्यांच्यापुरता घेत आलो. परंतु पतमर्यादा हेही एक मापच आहे. त्या मापावर विसंबून माणूस माल मागवितो, शब्द देतो, मुलीचे लग्न ठरवितो. माप बदलण्यास शास्त्राची हरकत दिसत नाही. गजाऐवजी मीटर आला तेव्हा आपण तो घेतलाच. गिऱ्हाईक जुने माप धरून बसले असताना फडताळामागे ते बदलून ठेवणे, ह्यात मात्र आम्हांस अतिचार दिसतो.

असे लिहिता लिहिता आमची लेखणी अडली, आणि ती का अडली हे सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य शासनाने गोव्यातील खाणकाम स्थगित केले. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. डिचोली तालुक्यातील ट्रकमालकांची रीत अशी होती की, पावसाळ्यात ट्रक उभे, हातात पैसा नाही, म्हणून चतुर्थीचे कापड उधारीवर न्यावयाचे आणि खाणीचा हंगाम सुरू झाला की पहिल्या फेऱ्यांच्या पैशांतून फेडावयाचे. वर्षानुवर्षे हे असे चालले होते, आणि बुडालेली रक्कम आम्हांस बोटांवर मोजता आली असती. स्थगितीची बातमी आली त्याच संध्याकाळी आम्ही गल्ल्यावरच्या मुलास बजाविले की, ट्रकवाल्यांस उधार देऊ नये. ट्रकवाल्यांस मात्र आम्ही काही सांगितले नाही. कोणत्या तोंडाने सांगावे हे सुचले नाही, हे एक. आणि सांगितले तर जुनी बाकी तरी कोण देईल, ही भीती दुसरी. चतुर्थीच्या तीन दिवस आधी एक जुने गिऱ्हाईक दोन्ही मुलांस घेऊन आले. मुलांनी कपडे निवडले, अंगास लावून पाहिले, आणि मग आमच्या मुलाने ते पुन्हा घडी घालून ठेवले. त्या गृहस्थांनी आरडाओरड केली नाही. जाताना कोकणीत एवढेच म्हणाले की, काल सांगितले असते तर आज मुलांना घेऊन आलो नसतो.

आम्ही त्या वेळी जे केले ते बुद्धीस धरूनच होते, असे आजही वाटते. खाणी त्या वर्षी उघडल्या नाहीत. २०१४ च्या निकालानंतर काही काळ चालल्या आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने मार्चपासून पुन्हा थांबल्या. त्या काळात उधारी पूर्वीसारखी वाटली असती तर आमचे दुकान आज नसते. पत आखडणे चुकले नाही. न सांगणे चुकले. गांधीनगरच्या पेढीवर इतर गिऱ्हाइकांनी मान फिरविली तेव्हा आम्हांस ती दोन मुले आठवली, आणि बँकेवरचा राग काही अंशी तरी उतरला.

बँकेच्या अधिकाऱ्यांशी ह्या विषयावर बोलणे झाले तेव्हा त्यांनी हीच भीती आम्हांस बोलून दाखविली. ते म्हणाले, आधी सांगितले तर अडचणीतला ऋणको मर्यादा संपण्यापूर्वी सगळी रक्कम उचलून मोकळा होईल. ह्यात तथ्य नाही असे नाही. ज्याचे हप्ते थकले आहेत किंवा जेथे फसवणुकीचा संशय आहे तेथे बँकेने त्याच दिवशी कात्री चालवावी. पण त्याच दिवशी, त्याच घटकेस, कारणासह कळवावे. वापर कमी आहे किंवा बँकेचे धोरण बदलले आहे, एवढ्यासाठी मात्र रातोरात कपात करण्याची निकड आम्हांस पटत नाही. अमेरिकेसारख्या कार्डांच्या माहेरघरी २००८ च्या मंदीत बँकांनी मर्यादा सरसकट छाटल्या. नंतर २००९ च्या कायद्याखाली जे नियम आले त्यांतही कपातीस मनाई नाही. तथापि नव्या, कमी मर्यादेच्या वर गेल्याबद्दल दंड आकारावयाचा असेल तर ४५ दिवस आधी सूचना दिलेली असली पाहिजे, असे बंधन तेथे आहे; आणि पत घटविल्यास पुष्कळ प्रसंगी कारणही सांगावे लागते. तेथील बँका ह्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही.

कारण सांगण्याचे महत्त्व आम्हांस स्वतःच्याच प्रकरणात कळले. डिचोलीस परतल्यावर आम्ही पतअहवाल मागविला. अशा अहवालाच्या चार संस्था देशात आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा असतो, हे अनेकांस ठाऊक नाही. अहवालात दिसले की, एका आप्ताच्या टिपरच्या कर्जास आम्ही जामीन राहिलो होतो आणि त्या कर्जाचे दोन हप्ते राहिले होते. जामीनदाराच्या नावावरही ते कर्ज दिसते. आप्ताने संकोचाने आम्हांस सांगितले नव्हते. बँकेने धोरण म्हणून सांगितले नाही. दोघांपैकी एकाने जरी सांगितले असते तरी ते हप्ते आम्ही त्याच दिवशी भरले असते, पुढे भरलेच. म्हणजे सूचनेने धनकोचेही हितच झाले असते. आम्ही मात्र गांधीनगरास जाऊन शिकलो.

ज्यांच्यावर असा प्रसंग आला असेल त्यांनी संतापून कार्ड मोडू नये. मोडल्याने एकूण मर्यादा आणखी घटते आणि वापराचे प्रमाण वाढते. बँकेस लेखी पत्र द्यावे, त्यात पूर्वीची मर्यादा, कपातीची तारीख आणि सूचना मिळाल्याची तारीख घालावी, कारण विचारावे. दूरध्वनीवरच्या बोलण्यावर विसंबू नये. अहवालात चूक असेल तर ती दुरुस्त करण्याचा अर्ज द्यावा. तीस दिवसांत तक्रारीचा निकाल न लागल्यास दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ठरविले. बँकेकडून तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्यास वकील लागत नाही. दुकानाच्या खेळत्या भांडवलासाठी मात्र कार्डाकडे पाहूच नये. कॅश क्रेडिटचे खाते त्यासाठी आहे. तेथेही स्टॉक स्टेटमेंट वेळेवर न दिल्यास उचल बंद होते, आणि तो दोष बहुतेक वेळा आपलाच असतो. कार्डावरची बाकी पुढे ओढीत नेणाऱ्यास वर्षाकाठी चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज बसते. ह्या व्याजावर २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविली. तेव्हा त्या बाजूने आसरा नाही.

परिग्रह-परिमाण हे आपले पाचवे अणुव्रत. संपत्तीची मर्यादा गृहस्थाने स्वतःच घालून घ्यावयाची असते. कर्जासही ते लागू करता येईल काय, असा विचार आम्ही ह्या पर्युषणात केला. (संवत्सरी आणि चवथ गोव्यात एकाच आठवड्यात येतात, दुकान आणि उपवास दोन्ही सांभाळताना जे होते ते वाचकांस सांगावयास नको.) बँकेने ८०,००० म्हणो की ३,००,०००, आम्ही आमच्यापुरती ४०,००० ची रेघ मारून ठेवली आहे. ह्यामुळे बँकेचा दोष कमी होतो असे नाही. आमची पुढची गांधीनगरची फेरी तेवढी सुखाची होईल.

राहिला आपल्या संस्थेचा प्रश्न. एकेकट्याने लिहिलेल्या पत्रास ‘अंतर्गत धोरण’ हे उत्तर येते. संस्थेच्या पत्रास कदाचित दुसरे येईल. मागणी साधी आहे. थकबाकी व फसवणूक सोडून अन्य कारणाने मर्यादा घटवावयाची असल्यास तीस दिवस आधी सूचना द्यावी. थकबाकीमुळे घटविल्यास त्याच दिवशी कारणासह कळवावे. आणि ही सूचना ज्याला जी कळते त्या भाषेत, मराठीत वा कोकणीत, द्यावी. पेडणे आणि डिचोली ह्या दोन्ही तालुक्यांतील सभासदांच्या सह्यांनिशी हे निवेदन राज्यस्तरीय बँकर्स समितीकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे पाठवावे, असे आम्ही सुचवीत आहोत. त्याच निवेदनात आणखी एक कलम आम्ही घातले आहे आणि त्यावर काही सभासदांची कुरकुर आमच्या कानी आली आहे. ते कलम बँकांसाठी नसून आपल्यासाठी आहे: आपल्या दुकानातील ज्या गिऱ्हाइकाची उधारी बंद वा कमी करावयाची असेल त्यास पाडव्यापूर्वी, आणि मध्येच करावी लागल्यास तो दुकानात येण्यापूर्वी, तसे सांगावे. हे कलम काढून टाकल्यास निवेदनावर आमची सही असणार नाही.

मसुदा संस्थेच्या कार्यालयात ठेवला आहे. ज्या सभासदांस गेल्या दोन वर्षांत अशी कपात सोसावी लागली असेल त्यांनी पूर्वीची मर्यादा, नवी मर्यादा, कपातीचा दिवस आणि सूचना मिळाल्याचा दिवस एवढे चार रकाने भरून द्यावे. बँकेचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.